पाच मिनिटं हात थांबला की टर्मिनल गोठतं: दोष कोणाचा आणि तो पकडायचा कसा

लक्षण असं. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने लॉगिन केलंय, काम मजेत चाललंय. मधे फोन येतो, किंवा दुसऱ्या खिडकीत काहीतरी वाचत बसता. परत येऊन की दाबली तर अक्षर उमटत नाही. एंटर मारा, कंट्रोल-सी मारा, ढिम्म हलत नाही. ती खिडकी बंद करून नव्याने लॉगिन केलं की लगेच होतं, म्हणजे नेट चालू आहे आणि सर्व्हरही जागा आहे. तासाभराने पुन्हा तेच. डेटाबेस क्लायंट, रिमोट डेस्कटॉप, व्हीपीएन, कॅमेऱ्याचं ॲप, सगळ्यांना हाच रोग होतो. फक्त प्रत्येकाच्या पडद्यावर त्याचं नाव वेगळं: कुठे 'ब्रोकन पाइप', कुठे 'कनेक्शन रीसेट बाय पीअर', कुठे नुसतीच गोल फिरणारी चकती.

मी यापायी दोन आठवडे घालवले आहेत. केबल बदलली, वायफायचं चॅनल बदललं, सर्व्हरवरचा एसएसएच पुन्हा बसवला, एकदा तर राउटरची जागाही बदलून पाहिली. करायचं राहिलं होतं ते एकच, नक्की किती वेळाने तुटतं ते घड्याळ लावून मोजणं. मोजलं तेव्हा दर वेळी पाच मिनिटांच्या आगेमागे आलं. खराब केबल घड्याळ बघून तुटत नाही. ठरावीक वेळाने तुटतंय म्हणजे कुठेतरी कोणीतरी मिनिटं मोजत बसलंय.

आधी मोजा

लॉगिन करा आणि एक मिनिट हात लावू नका. मग एक की दाबा. चाललं तर दोन मिनिटं थांबा, मग चार, मग आठ, मग सोळा. समजा चारला जगलं आणि आठला मेलं, तर पुढच्या वेळी सहा मिनिटं थांबून बघा. चार-पाच फेऱ्यांत आकडा हाती येतो. ही चाचणी करताना टर्मिनलमध्ये घड्याळ दाखवणारं किंवा दर सेकंदाला आकडे हलवणारं काही चालू ठेवू नका. त्याची पॅकेट्स (डेटाचे छोटे तुकडे) येत-जात राहतात आणि चाचणी खोटी ठरते.

आणखी एक फरक लगेच करून घ्या. मोठी फाइल कॉपी होत असताना मधेच तुटतं का? तुटत असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. तो रोग वायफायचा, लाइनचा किंवा पॅकेटच्या आकाराचा असेल. इथे आपण फक्त त्याच कनेक्शनबद्दल बोलतोय जे काम चालू असताना ठणठणीत असतं आणि गप्प बसलं की मरतं.

मिनिटं मोजतं कोण

इंटरनेटची मूळ रचना अशी की मधल्या यंत्रांनी काहीही लक्षात ठेवायचं नाही. पॅकेट आलं, पत्ता वाचला, पुढे ढकललं, विसरून गेलो. कनेक्शन चालू आहे की नाही हे फक्त दोन टोकांना माहीत असतं. दोन्ही टोकं तासभर गप्प बसली तरी बिघडत काही नाही, कारण टीसीपीत (दोन टोकांमधलं कनेक्शन सांभाळणाऱ्या नियमांत) गप्प बसायला मुळात बंदी नाही.

नॅट (नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन, म्हणजे पॅकेटवरचे पत्ते मधेच बदलणं) आलं आणि मधल्या यंत्राच्या हातात वही आली. तुमच्या लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.२३ आहे. तो बाहेर चालत नाही, कारण जगात लाखो ठिकाणी हाच पत्ता कोणीतरी वापरतंय. तुम्ही १९८.५१.१००.२० या सर्व्हरच्या २२ नंबरच्या पोर्टला (पोर्ट म्हणजे मशीनवरच्या एकेका प्रोग्रॅमच्या दाराचा नंबर) पॅकेट पाठवता. लॅपटॉपने आपल्या बाजूला पोर्ट घेतलाय ५१५४४. राउटर पॅकेटवरचा तुमचा पत्ता खोडतो, आपला सार्वजनिक पत्ता २०३.०.११३.७ टाकतो, पोर्ट ४०२११ करतो, चेकसम (चूक पकडायची बेरीज) नव्याने बसवतो आणि वहीत ओळ लिहितो: '४०२११ वर त्या सर्व्हरकडून काही आलं तर ते आत २३ नंबरच्या ५१५४४ ला द्यायचं.' (सर्व्हरचा आणि राउटरचा हे दोन्ही पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या गटांतले आहेत, कोणाच्या घरचे नाहीत.)

उत्तर आलं की राउटर ती ओळ शोधतो आणि उलट बदल करतो. ओळ सापडली नाही तर पॅकेट कोणाचं हे त्याला कळायला मार्गच नाही. तो ते टाकून देतो.

आता वहीची पानं मोजकी. कनेक्शन नीट बंद झालं तर राउटरला टीसीपीचा निरोप दिसतो आणि तो ओळ खोडतो. पण लॅपटॉपचं झाकण मिटलं, फोन रेंजबाहेर गेला, तर निरोप येतच नाही. तशा ओळी साचत गेल्या तर वही भरेल. म्हणून प्रत्येक ओळीला घड्याळ लावलेलं असतं. पॅकेट गेलं-आलं की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून, आणि ठरलेला वेळ शांतता राहिली की ओळ खोडली जाते. तुमचं टर्मिनल गोठतं ते या घड्याळामुळे. दोन्ही टोकांच्या मते कनेक्शन जिवंत असतं, मधला माणूस मात्र दोघांनाही विसरलेला असतो.

ही वही आली कुठून

आयपीचा पत्ता ३२ बिटांचा. १९८१ च्या सप्टेंबरमध्ये आरएफसी ७९१ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची क्रमांकित टिपणं) तो पक्का केला तेव्हा ४,२९,४९,६७,२९६ पत्ते म्हणजे न संपणारी चैन वाटली असेल. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हिशोब लागेना. पत्ते मोठमोठ्या गठ्ठ्यांनी वाटले जात होते आणि राउटिंगची टेबलं (कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं याच्या याद्या) फुगत होती. १९९३ मध्ये सीआयडीआर आलं आणि गठ्ठे हवे तेवढे लहान करून देता येऊ लागले. पण तेवढं पुरेल याची खात्री नव्हती.

१९९४ च्या मे महिन्यात केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांचं आरएफसी १६३१ प्रसिद्ध झालं, नॅटचं पहिलं टिपण. फ्रान्सिस यांनी टोनी एंग यांच्याबरोबर १९९३ मध्येच पत्ते पुन्हापुन्हा वापरण्यावर निबंध लिहिला होता. कल्पनेचा गाभा साधा: एखाद्या जाळ्यातल्या सगळ्या मशिन्सपैकी एका वेळी बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या थोड्याच असतात, मग सगळ्यांना जगभर वेगळा पत्ता कशाला? कोणाच्या मशीनमध्ये काही बदलायचं नाही, फक्त वेशीवरचा राउटर बदलायचा.

मला या टिपणाचा शेवट फार आवडतो. लेखकांनी स्वतःच लिहून ठेवलंय की हा तात्पुरता उपाय आहे, यात असे दोष आहेत की दीर्घकाळासाठी तो योग्य नाही, आणि कदाचित थोड्या काळासाठीही नसेल, ते करून बघितल्यावरच कळेल. आपण ते तीस वर्षांहून जास्त काळ करून बघतोय.

खाजगी पत्त्यांवरूनही वाजलं होतं. मार्च १९९४ मध्ये आरएफसी १५९७ ने १० ने सुरू होणारा अख्खा गट आणि आणखी दोन गट खाजगी वापराला मोकळे केले. जुलैमध्ये लगेच आरएफसी १६२७ आलं, विरोध करायला: जगात एकच असलेला पत्ता ही इंटरनेटची ताकद आहे, ती घालवू नका. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने खाजगी पत्ते कायम केले. तुमच्या राउटरमधला १९२.१६८ तिथलाच.

कायमचा उपाय, १२८ बिटांचा आयपीव्ही६, डिसेंबर १९९५ मध्येच कागदावर आला होता. पण नॅटने कळ सुसह्य केली की डॉक्टरकडे जाणं लांबतं, तसं झालं. ३ फेब्रुवारी २०११ ला जगभरचे पत्ते वाटणाऱ्या आयानाकडचे शेवटचे मोठे गठ्ठे वाटले गेले, त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-प्रशांतला पत्ते वाटणारं एपनिक आपल्या शेवटच्या गठ्ठ्यावर आलं. मग इंटरनेट पुरवठादारांनीही आपल्या दारात नॅट बसवायला घेतलं. त्याला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात, बोलताना सीजीनॅट. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचा गट वेगळा काढला. म्हणजे अशा पुरवठादाराकडे तुमच्या पॅकेटचा पत्ता दोनदा खोडला जातो, दोन वह्यांत दोन ओळी, आणि दुसरी वही तुम्हाला उघडता येत नाही.

विसरलं कोण: तुमचा राउटर की वरचा

राउटरच्या पानावर जाऊन त्याचा बाहेरच्या बाजूचा, म्हणजे वॅनचा पत्ता बघा. मग 'माझा पत्ता काय' सांगणारी कुठलीही साइट उघडा. दोन्ही एकच असतील तर तुमच्याकडे एकच नॅट आहे आणि संशयित घरातच आहे. वेगळे असतील, आणि वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर वर सीजीनॅट आहे. वॅनचा पत्ता १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर बहुतेक मोडेम स्वतःच नॅट करतोय आणि त्यामागे तुम्ही आपला राउटर लावलाय. असं दुहेरी नॅट नकळत झालेलं पुष्कळदा सापडतं. मोडेमला ब्रिज मोडमध्ये (नॅट न करता पॅकेट नुसतं पुढे देण्याच्या अवस्थेत) टाकलं की एक वही कमी होते.

राउटर लिनक्सवर चालत असेल आणि आत लॉगिन करता येत असेल तर वही डोळ्यांनी बघता येते. 'कॉनट्रॅक' ही आज्ञा यादीसाठी चालवली की प्रत्येक कनेक्शनची एक ओळ येते: टीसीपी, मग ६ (हा टीसीपीचा ठरलेला क्रमांक), मग एक आकडा, मग 'एस्टॅब्लिश्ड', मग आतले-बाहेरचे पत्ते आणि पोर्ट. ६ च्या पुढचा तो आकडा म्हणजे ओळ खोडायला उरलेले सेकंद. लिनक्समध्ये चालू टीसीपीसाठी तो मुळात ४,३२,००० असतो, म्हणजे पाच दिवस. राउटर बनवणारे तो अनेकदा खाली आणतात. यूडीपीला (कनेक्शन न जोडताच पॅकेट पाठवायच्या पद्धतीला) एकेरी वाहतुकीसाठी ३० सेकंद आणि दोन्हीकडून बोलणं झालं की १२० सेकंद, जुन्या कर्नलमध्ये १८०.

आता खरी गंमत. टर्मिनल गोठू द्या आणि त्याच वेळी ही यादी बघा. माझ्या वेळी कनेक्शन मेलेलं होतं आणि राउटरच्या वहीत ओळ टवटवीत होती, चार दिवसांहून जास्त शिल्लक दाखवत. म्हणजे माझा राउटर निर्दोष, विसरला तो वरचा. दोन आठवडे मी भलत्याच डब्याला शिव्या देत होतो.

वहीत बघता येत नसेल तर मरणाची तऱ्हा बघा. की दाबल्यावर लगेच 'रीसेट' आलं तर कोणीतरी उत्तर दिलंय. एक तर मधल्या यंत्राने 'ओळखत नाही' म्हटलंय, किंवा नॅटने त्याच कनेक्शनला नवा पोर्ट देऊन पॅकेट पुढे सोडलं आणि सर्व्हरने अनोळखी म्हणून झिडकारलं. नुसती शांतता असेल तर मधे कोणीतरी पॅकेट गुपचूप टाकून देतंय. आणि कधीकधी नॅट ओळ विसरतं, पण नवी ओळ लिहिताना योगायोगाने जुनाच पोर्ट देतं, मग काहीच घडलं नाही असं कनेक्शन पुढे चालतं. 'कधी तुटतं, कधी नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

उपाय: वहीवाल्याला जागं ठेवा

एसएसएचला क्लायंटच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल' द्या (फाइलमध्ये हे नाव मधे जागा न सोडता एकत्र लिहायचं), म्हणजे तेवढे सेकंद शांतता झाली की क्लायंट स्वतःहून सर्व्हरला हाक मारतो. आकडा मोजलेल्या वेळेच्या निम्म्याहून कमी ठेवा. पाच मिनिटं आली असतील तर ६० ते १२० सेकंद. सोबत 'सर्व्हर अलाइव्ह काउंट मॅक्स' असतं, म्हणजे उत्तर न आलेल्या किती हाका चालवून घ्यायच्या, मुळात ३. हे दोन आकडे विचार करून ठेवा. ६० गुणिले ३ म्हणजे तीन मिनिटं नेट गेलं की एसएसएच स्वतःच कनेक्शन सोडेल. पूर्वी गप्प बसून पाच मिनिटांचा खंड पचवणारं टर्मिनल आता तिसऱ्या मिनिटाला मरेल. नेट वरचेवर जाणारं असेल तर काउंट वाढवा, इंटरव्हल नाही.

टीसीपीचं स्वतःचं कीपअलाइव्ह (गप्प कनेक्शनवर अधूनमधून जाणारं 'आहेस ना' असं पॅकेट) का कामी येत नाही, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचं मूळ अंतर ७,२०० सेकंद आहे, दोन तास. ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३८२ ने नॅटवाल्यांना बजावलं की चालू टीसीपीची ओळ २ तास ४ मिनिटांच्या आत खोडू नका. हा विचित्र आकडा त्या दोन तासांच्या कीपअलाइव्हवर थोडी सवड ठेवूनच आलाय. सगळ्यांनी हे पाळलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. लिनक्सवर ते अंतर कमी करता येतं, पण ज्या प्रोग्रॅमने आपल्या सॉकेटवर (कनेक्शनच्या आपल्या टोकावर) कीपअलाइव्ह मागितलंय त्यालाच ते लागू होतं. आकडा बदलूनही फरक पडला नाही तर प्रोग्रॅमने ते मागितलंय का ते आधी तपासा.

डेटाबेसच्या कनेक्शन पूलमध्ये (पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली कनेक्शनं) रिकामं कनेक्शन किती वेळ ठेवायचं याचा आकडा नॅटच्या वेळेपेक्षा कमी करा. सकाळची पहिली क्वेरी लटकते आणि दुसरी झपकन चालते, ही तक्रार याने जाते. आयपीसेक व्हीपीएन नॅटमधून नेताना यूडीपी ४५०० पोर्टवर दर २० सेकंदांनी एक छोटं पॅकेट सोडतं, ही सोय २००५ पासून प्रमाणित नियमांत आहे. वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये मात्र ती मुळात बंद असते; नॅटमागच्या टोकावर 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ करा. यूडीपीची ओळ दोन मिनिटांच्या आत खोडू नये असं आरएफसी ४७८७ म्हणतं, पण ३० सेकंदांत विसरणारी यंत्रं भरपूर आहेत, म्हणून २५.

हे सगळं फुकट नाही. फोनला दर २५ सेकंदांनी रेडिओ जागा करावा लागतो आणि बॅटरी त्याची किंमत मोजते. मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या प्रोटोकॉलने वेगळी वाट काढली: कनेक्शनची ओळख पत्ता-पोर्टवर न ठेवता स्वतःच्या क्रमांकावर ठेवली. आतून पुढचं पॅकेट निघालं, नॅटने नवा पोर्ट दिला, तरी पलीकडचं टोक क्रमांक वाचून ओळखतं. दूरच्या सर्व्हरवर टर्मिनल चालवणारं मॉशही याच जातीचं. गोठणं फार सतावत असेल तर एसएसएचऐवजी ते वापरून बघा.

त्याच घरातली इतर दुखणी

पोर्ट फॉरवर्डिंग लावलं, बाहेरून काही येतच नाही. वॅनचा पत्ता १००.६४ च्या गटातला असेल तर डोकं फोडू नका. बाहेरून आलेलं पॅकेट आधी पुरवठादाराच्या वहीशी अडतं, तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. सार्वजनिक पत्ता मागा, नाहीतर बाहेर एखादा सर्व्हर घेऊन आतून त्याच्याकडे बोगदा काढा.

बाहेरून चालतं पण घरातून त्याच नावाने उघडत नाही: राउटरला हेअरपिन (आतून आपल्याच बाहेरच्या पत्त्याला गेलेलं पॅकेट परत आत वळवणं) जमत नाही. घरातल्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत) त्या नावाला आतला पत्ता द्या.

इंटरनेट कॉलवर आवाज एकाच बाजूने येतो: राउटरमधलं 'एसआयपी एएलजी' बंद करा (एसआयपी म्हणजे असे कॉल जोडायचा प्रोटोकॉल). काही प्रोटोकॉल स्वतःचा पत्ता पॅकेटच्या पोटात लिहितात. फाइल पाठवणारा एफटीपी हा त्यातला जुना अपराधी. त्याच्या आज्ञेत पत्ता अक्षरांत लिहिलेला असतो, नॅटने तो बदलला की लांबी बदलते, मग पुढच्या प्रत्येक पॅकेटचे टीसीपीचे क्रमांकही सरकवत बसावं लागतं. एवढी नसती उठाठेव करणाऱ्या भागाला एएलजी म्हणतात. एसआयपीच्या बाबतीत तो जितकं सुधारतो त्याहून जास्त बिघडवतो, असं माझं मत.

गर्दीच्या वेळी पानं अर्धवट उघडतात, चित्रं येत नाहीत, स्पीड टेस्ट मात्र उत्तम. हे पोर्ट संपल्याचं लक्षण असू शकतं. एका पत्त्यावर पोर्ट ६५,५३६. तो पत्ता ६४ ग्राहकांत वाटला तर माणशी १,०२४, आणि घरात दहा उपकरणं असली की तेवढे पटकन उडतात. त्याच वाटणीमुळे शेजारच्या कोणी उपद्व्याप केला की 'तुम्ही रोबो नाही ना' हा प्रश्न तुमच्यापुढे येतो.

मग नॅटने दिलं काय? एका पत्त्यावर अख्खं घर चाललं. पुरवठादार बदलला तरी आतले पत्ते हलवावे लागत नाहीत. आगंतुक पॅकेट आत शिरत नाही. या शेवटच्या गुणाला लोक सुरक्षा म्हणतात, पण ते काम खरं तर नोंद ठेवणाऱ्या फायरवॉलचं. पत्ता न बदलताही ते होतं.

आणि म्हणूनच 'आयपीव्ही६ चालू करा, सगळं सुटेल' हे अर्धंच खरं. पत्ता खोडणं थांबतं, बाहेरून थेट पोचता येतं, वरची वही जाते. पण राउटरमधला फायरवॉल आयपीव्ही६ च्या कनेक्शनच्याही ओळी लिहितो आणि त्यांनाही घड्याळ असतं. फरक एवढाच की ते घड्याळ तुमच्या हातातलं. आयपीव्ही६ मिळत असेल तर सर्व्हरला त्यावरून जोडून वरची मोजणी पुन्हा करा. माझ्याकडे आयपीव्ही४ वर पाच मिनिटांत मरणारं सत्र आयपीव्ही६ वर रात्रभर टिकलं.

पुरवठादाराकडे तक्रार करायची झाली तर 'नेट सारखं तुटतं' असं लिहू नका. त्यावर राउटर बंद-चालू करा एवढंच उत्तर येतं. हे लिहा: वॅनचा पत्ता अमुक, बाहेर दिसणारा पत्ता तमुक, रिकामं टीसीपी कनेक्शन इतक्या मिनिटांनी तुटतं, राउटरच्या टेबलात त्या वेळी ओळ शिल्लक होती, आयपीव्ही६ वर तुटत नाही. माझी पहिली तीन तिकिटं न वाचताच बंद झाली होती. या मजकुराचं चौथं नेटवर्कच्या माणसापर्यंत गेलं आणि त्याने उलट एकच प्रश्न विचारला, तुटल्याची नेमकी वेळ आणि तेव्हाचा सोर्स पोर्ट कोणता. म्हणून तेही आधीच टिपून ठेवा.